हाकेआधीची ओ

१

लोकांना ऐकू येतं की नाही, हे पाहणं हे आईचं काम होतं. दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे तिची खोली होती आणि त्या खोलीत आणखी एक छोटी खोली होती. जाड भिंतींची, आत एकच खुर्ची, समोर काचेची खिडकी. पेशंट आत बसायचा. कानांवर हेडफोन, हातात बटण. आई बाहेर यंत्रापाशी. ती एक बारीक सूर सोडायची. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, बाहेर हिरवा दिवा लागायचा. मग त्याहून बारीक सूर. मग त्याहूनही. जिथे दिवा लागायचा थांबायचा तिथे ती कागदावर खूण करायची आणि माइकमधून म्हणायची, "झालं हं. काढा आता हेडफोन." इतकी वर्षं हेच शब्द आणि हाच स्वर. अनोळखी माणसासाठी राखून ठेवलेला, गोड आणि जरा लांबचा.

या कामात दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या असतात. एक म्हणजे सूर ठरावीक अंतराने सोडायचे नाहीत. माणूस लगेच ताल धरतो आणि न ऐकताच बटण दाबायला लागतो. दुसरी म्हणजे, काही माणसं सूर नसतानाही दाबतात. त्यात लबाडी नसते. ऐकू यावं असं त्यांना इतकं वाटत असतं की कान स्वतःच काहीतरी देऊन टाकतो. आई अशांवर कधी चिडली नाही. कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं टिंब काढायची आणि पुढे जायची.

घरी मात्र तिला एकाच माणसाच्या कानांची काळजी होती, आणि ते कान ठणठणीत होते.

मिठू सव्वीस वर्षांची होती. लहानपणी जे ऐकेल ते जसंच्या तसं बोलून दाखवायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव तिला कायमचं चिकटलं. शिकली, नोकरीला लागली आणि गेल्या वर्षी एक दिवस नोकरी सोडून जी घरी आली, ती थेट आपल्या खोलीत गेली. तेव्हापासून दार बंद, कानांवर हेडफोन आणि समोर गेम. त्यात एक मोठं घर होतं म्हणे, आणि पुष्कळ खोल्या.

"जिंकलीस की नाही एकदाची?" बाबा विचारायचे.

"त्यात जिंकायचं नसतं बाबा. राहायचं असतं."

"मग पत्ता दे. तुझं टपाल तिकडे पाठवत जाईन."

मिठू हसायची. ते एक हसू दोघांना आठवडाभर पुरवून वापरावं लागे.

२

रोज दुपारी एकला तिघांचं जेवण, हा घराचा जुना नेम. आईची सकाळची पाळी बाराला संपायची. बाबांचं किल्ल्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं, ते शटर अर्धं ओढून घरी यायचे. आई बाह्या दुमडायची, उजवीला दोन घड्या, डावीला तीन. डावी बाही यंत्राच्या चकतीत अडकायची, तेव्हापासूनची सवय. मग चमच्यांचा खण ओढायची. तो पहिल्या ओढीला कधीच उघडत नसे. खट्, आणि पुन्हा खट्. "सगळ्या गावाची कुलपं उघडता आणि घरचा एक खण उघडत नाही तुम्हाला," हे वाक्यही त्या आवाजाइतकंच ठरलेलं.

आणि मग हाक.

"मिठू, ये गं, वाढलंय."

थोड्या वेळाने, "मिठू, गार होतंय!"

आणि तिसरी, घशाच्या वरच्या टोकातून, "येतेस, की मी येऊ?"

वर्षभर ही हाक रोज चढत गेली होती. तिला शेपट्या फुटल्या होत्या. त्या खेळाने पोट भरणार आहे का, तुझ्या वयाच्या मुली बघ, आम्ही मेल्यावर कोण वाढणार आहे. आतून कधी "ओ" यायची, कधी नाही. मिठू बहुधा यायची, अर्धं जेवायची आणि उठायची.

एके दिवशी आईने ठरवलं, हाक मारायचीच नाही.

"उपाशी ठेवणार आहेस की काय पोरीला?" बाबा म्हणाले.

"ताट दाराबाहेर ठेवीन. हाक तेवढी बंद."

"त्याने काय होणार?"

"अहो, रोजचं काम आहे माझं. एकच आवाज सतत वाजत राहिला की कान त्याला सोडून देतो. पंख्याचा आवाज येतो का तुम्हाला? नाही ना? पंखा बंद केला की मग कळतं." ती डावी बाही पुन्हा एकदा दुमडत म्हणाली, "माझी हाक पंख्यासारखी झालीय तिला. बंद झाली की शोधत येईल."

बाबांनी खांदे उडवले. कानांच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा असायचा.

३

नऊ दिवस मिठू शोधत आली नाही. दहाव्या दिवशी, रविवारी, आई गॅसपाशी उभी राहून भाजी पातेल्यातून काढत होती. बाबा टेबलापाशी पेपर वाचत होते. ऊन ओट्यावर आलं होतं. नळाचं थेंब थेंब चाललं होतं.

"ओ! आले आई."

आतून, मिठूच्या खोलीतून. स्वच्छ, मोकळी ओ. शाळेत असताना द्यायची तशी.

बाबांनी पेपर खाली केला. "बघ! लागू पडलं तुझं औषध."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "मी हाक नाही मारली."

"मारली असशील गं. सवयीने."

"तोंड मिटलेलं होतं माझं."

"बायकोचं तोंड मिटलेलं असतं तर माझ्या लक्षात आलं नसतं का?" बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

दोघं वाट पाहत राहिली. दार उघडलं नाही. पाच मिनिटांनी आईने ताट नेऊन उंबऱ्याशी ठेवलं आणि दाराला कान लावला. आत बटणांचा टकटक आवाज नव्हता. खुर्चीची कुरकुर नव्हती. चालू होतं ते काहीतरी अगदी साधं. मिठू बोलत होती. बोलत होती आणि मध्ये थांबत होती, कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी.

४

आई विचारी बाई होती. तिने स्वतःलाच समजावलं: हे खेळ आता माणसं मिळून खेळतात, तिकडे कुणीतरी असेल, पलीकडच्या देशातलं. त्यालाच मिठू उत्तर देत असेल. "आई" हा शब्द आपल्याला ऐकू आला असेल तो कान आसुसलेला म्हणून. असे कान ती रोज बघत होती. अशांसाठी एक टिंब ठरलेलं होतं.

तरी तिने तपासणीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर वेळा लिहायला सुरुवात केली. बारा पन्नासला "ओ". एक वाजून चार मिनिटांनी "हो, येतेय". एक वाजून सहाला पुन्हा "ओ". मग थेट एकवीसला, "नाही गं, आणखी नको." पाच दिवसांत कागद भरला. त्यात ताल सापडत नव्हता. कधी दोन मिनिटं, कधी पंधरा. ते आकडे पाहताना आईला उगाच वाटत राहिलं की हे आपण कुठेतरी पाहिलं आहे.

दाराबाहेरची ताटं आता जशीच्या तशी परत येऊ लागली होती.

शुक्रवारी दुपारी मिठू पाणी प्यायला बाहेर आली. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. खरं तर पूर्वीपेक्षा टवटवीत. तेच आईला जास्त लागलं.

"ताट तसंच आहे बाहेर," आई म्हणाली.

"कुठलं? जेवले की मी."

"कधी?"

"हे काय आत्ताच. तूच तर वाढलंस." मिठूने पेला पालथा घातला. मग जाता जाता थांबली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. वर्षभरात पहिल्यांदा. "आई, हल्ली तू किती छान हाक मारतेस गं. ओरडत नाहीस. शेवटी ते 'की मी येऊ' पण नसतं. मला आता पळत यावंसं वाटतं."

आईला काही बोलायचं होतं. पण मिठूची हनुवटी खांद्यावर होती, ती हलू नये म्हणून आई श्वास रोखून उभी राहिली. मग दार लागलं.

५

"अहो, तिची खोली उघडा," आईने बाबांना दुकानात गाठून सांगितलं.

बाबा एका किल्लीचे दात घासत होते. कानशीचा आवाज थांबला. "आत आहे ती?"

"आत नाही तर कुठे जाणार?"

"ओ देते?"

"तेच तर! नको तेव्हा ओ देते."

बाबांनी किल्ली खाली ठेवली. चेष्टा करणारा हा माणूस एका गोष्टीची चेष्टा कधीच करत नसे. "तुला माझा नियम माहीत आहे. आतून ओ आली, की कुलपाला हात लावायचा नाही. मग बाहेर तिचा नवरा उभा असो, पोलीस असो की आई. ज्याची ओ येतेय, दार त्याचं आहे. मी उघडलेली सगळी दारं गप्प होती." ते जरा थांबले. "आणि त्यांच्यामागे काय होतं ते मी घरी कधी सांगितलं नाही."

"पोटची पोर आहे."

"सव्वीस वर्षांची बाई आहे. उद्या आपल्या दाराला कुणी तार घातली तर चालेल तुला?" मग त्यांचा आवाज उतरला. "तू हाक बंद केलीस ना, ती परत सुरू कर. एवढंच चुकलं बहुतेक आपलं."

आपलं, म्हणाले. तुझं नाही म्हणाले. आईला त्याचं बरं वाटलं, आणि त्यामुळे रडूही आलं.

६

शनिवारी सकाळी मिठू न्हाणीघरात गेली आणि दार लोटायचं विसरली.

खोली नीटनेटकी होती. आईला पसाऱ्याची अपेक्षा होती. पसाऱ्यावर बोलता येतं. अंथरुणाची घडी घातलेली. पडद्यावर अंधारातला एक बोळ, त्याच्या टोकाला दाराची उजेडाची फट. हेडफोन टेबलावर उताणा पडला होता. न्हाणीघरात पाणी पडत होतं. आईने तो उचलला आणि कानांवर घातला. असा तिने दिवसातून वीस वेळा दुसऱ्यांच्या कानांवर घातला होता. स्वतःच्या कानांवर कधी नाही.

आधी नुसती शांतता. पण ती बंद यंत्राची शांतता नव्हती. तिच्यात जागा होती. कुठेतरी दूर नळ ठिबकत होता. दोन थेंब, मग जरा अडकून तिसरा. त्यांच्या नळाचा तिसरा थेंब असाच अडकायचा.

खट्. आणि पुन्हा खट्.

आईने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. ऊन होतं.

मग कानात कुणीतरी श्वास घेतला, हाक मारण्याआधी घेतात तसा.

"मिठू, ये गं. वाढलंय."

आवाज तिचाच होता. पण मिठू पाच वर्षांची असतानाचा. त्यात थकवा नव्हता, शेपूट नव्हतं. आईला स्वतःचाच हेवा वाटला.

थोडा वेळ गेला. "मिठू." आता जरा हळू. मग बराच वेळ काही नाही, आणि मग त्याहून हळू, "मिठू." मग लगेच, जेमतेम ऐकू येईल असं, "मिठू."

तेव्हा आईला कळलं की कागदावरचे ते आकडे तिने कुठे पाहिले होते. ती अंतरं तिचीच होती. ही हाक जेवायला बोलावत नव्हती. किती हळू बोलावलं तरी ही पोर येते, ते कुणीतरी मोजत होतं. आणि कुठेतरी एका कागदावर, दर दिवशी थोडी खाली, खूण करत होतं.

"मिठू बाहेर गेलीय," आईच्या तोंडून निघून गेलं. का, ते तिला पुढेही सांगता आलं नाही.

कानातला नळ ठिबकायचा थांबला. पलीकडे कुणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं. मग तोच आवाज आला. पण आता गोड आणि जरा लांबचा. अनोळखी माणसासाठी राखलेला.

"झालं हं. काढा आता हेडफोन."

आणि आईने काढला. हात आपोआपच गेले.

७

रविवारी, एकला दहा कमी असताना, दोघं मिठूच्या दाराशी उभी होती. बाबांच्या हातात तारांचा जुडगा होता, पण तो त्यांनी पाठीमागे धरला होता.

"तू हाक मार," ते कुजबुजले. "चांगली पहिल्यासारखी. ओ आली की आपण मागे फिरायचं. नाही आली तर बघू."

आईने मान डोलावली. काय म्हणायचं ते तिने सकाळपासून ठरवलं होतं, आणि आता ते सगळं तोकडं वाटत होतं. तिने श्वास घेतला.

"ओ! आले आई," आतून मिठू म्हणाली.

बाबांचा चेहरा एकदम सैलावला. "आली बघ," म्हणत ते वळले, आणि अर्ध्यावरच थांबले. ते आईच्या समोर उभे होते. तिच्या तोंडाकडेच पाहत होते. तिचे ओठ मिटलेले होते.

"तू हाक मारलीच नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"मग तिने ओ कोणाला दिली?"

बाबांनी हातातल्या तारांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा नियम त्यांच्या तोंडावर दिसत होता. मग ते गुडघ्यावर बसले. त्यांनी तार आत सरकवली. कुलूप लगेच उघडलं.

मिठू त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. हात मांडीवर. हेडफोन कानांवर. बाबा "मिठ्या," म्हणाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता. ती वळली नाही. तिची हनुवटी सावकाश हलत होती, वर खाली, वर खाली. ती काहीतरी चावत होती. मग तिने घोट गिळला. तिच्यासमोर काहीच नव्हतं.

आईने पडद्याकडे पाहिलं. बसलेल्या माणसाला दिसावं तसं एक टेबल, त्यावर ऊन. पलीकडे कुणीतरी उभं होतं. मान आणि चेहरा पडद्याच्या वर निघून गेलेला. फक्त दोन हात दिसत होते, वाढणारे. बाह्या दुमडलेल्या. उजवीला दोन घड्या. डावी तिने मोजली नाही.

बाबा भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे झेपावले. "बंद करतो हे."

"थांबा!" आईने त्यांचं मनगट धरलं. "ती तिकडे जेवतेय. दार लावून घेऊ नका तिच्या मागे."

ते जमिनीवरच बसले.

आई खाली वाकली आणि तिने मिठूच्या कानाशी, हेडफोनच्या कडेला, कान लावला. नळ. भांड्यावर पळी. आणि अगदी बारीक, दुसऱ्या खोलीतून हसावं तशी, मिठू हसली. आईने तोंड हेडफोनच्या माइकजवळ नेलं.

"मिठू," ती म्हणाली. "मी आहे गं."

पळी थांबली.

"आई," आतली मिठू कुणाला तरी म्हणाली, "बाहेर कुणीतरी हाक मारतंय."

"मारू दे," तो आवाज प्रेमाने म्हणाला. "सतत वाजत राहिलं की कान सोडून देतो. तू जेव."

८

त्या घरात हल्ली मिठूच्या दाराला कुलूप नाही. बाबांनी ते काढून दुकानात एका डब्यात टाकलं, आणि खणही दुरुस्त केला. आता तो पहिल्या ओढीला, मुकाट्याने उघडतो. कानाचे आणि मनाचे, दोन्ही तऱ्हेचे डॉक्टर येऊन गेले. मिठू रात्री झोपते, सकाळी उठते, समोर ठेवलेलं मुकाट्याने गिळते, पण "जेवले की मी" असा चेहरा करून. मग पुन्हा खुर्चीत बसते. कुणाशी बोलत नाही. म्हणजे, इथल्या कुणाशी.

आईने रजा काढली आहे. रोज एकला ती स्टूल घेऊन मिठूच्या शेजारी बसते, डावी बाही सोडून देते, आणि हाक मारते. जेवणाचं काही बोलत नाही, नोकरीचंही नाही. नुसतं नाव. एकदा मारली की थांबते. कधी दोन मिनिटं, कधी पंधरा. कधी मोठ्याने, कधी नुसत्या श्वासाइतकी. ताल लागू द्यायचा नाही, कानाने सोडून द्यायला नको, एवढंच तिला येतं, आणि ते तिला चांगलं येतं. बाबा दारात बसून असतात. एखादी किल्ली घासायला घेतात, पण कानस चालवत नाहीत.

परवा तिने हाक मारली आणि थांबली. पडद्यावरचे हात काहीतरी पुसत होते. ऊन टेबलावरून सरकत होतं. इकडचंही आणि तिकडचंही. बऱ्याच वेळाने, दोन हाकांच्या मधल्या रिकाम्या जागेत, अगदी बारीक, आईला वाटलं, कुणीतरी म्हणालं,

"ओ?"

तिने वळून बाबांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली. नाही.

आईने खाली पाहिलं. तिचा अंगठा मांडीवर घट्ट दाबलेला होता, हातात नसलेल्या बटणावर.